मेलेल्या माकडाची नोंद

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासची माणसे तापाने फणफणली, तेव्हा पहिली शंका आली ती पीतज्वराची. कारण रानमाकडांचे मृत्यू ही दक्षिण अमेरिकेत त्या रोगाची जुनी खूण. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपासले, तर विषाणू त्याच कुळातला, पण गोचिडीतून पसरणारा निघाला. त्याने होणारा माकडताप २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात दिसला. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या उमरठच्या परिसरात तो आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण पोलादपूर-महाडच्या डोंगरपट्ट्यात रान घराच्या मागीलदारी येते, वानरे आणि लाल तोंडाची माकडे परड्यात उतरतात, गुरे रानात चरून कानामागे गोचिड्या घेऊन गोठ्यात परततात. एवढ्यावर सावध राहणे हे आपले, पशुवैद्यकांचे काम आहे.

माकड विजेच्या तारेला चिकटून मरते, कुत्री फाडतात, कधी कोणी विष घालते. मग प्रत्येक मृत्यूमागे धावायचे का, असा आक्षेप रास्तच आहे. आमचे उत्तर असे, की धावायचे नसले तरी लिहायचे मात्र प्रत्येक. मेलेले माकड थंड पडू लागले की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या खाली उतरतात. तिळाएवढी त्यांची पिल्ले पाचोळ्यात दबा धरून बसतात आणि लाकूडफाट्याला आलेल्या बाईच्या पायावर चढतात. म्हणजे धोका माकडापेक्षा त्या जागेत आहे, आणि जागा कळते ती मृत्यूची खबर वेळेत आली तरच.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. शेतीच्या नासाडीने लोक आधीच वैतागलेले. त्यात रोगाचे नाव काढले तर माकडांवर काठ्या पडतील. ही भीती खरी आहे. ब्राझीलमध्ये २०१६ ते २०१८ च्या पीतज्वराच्या साथीत लोकांनी घाबरून निरोगी माकडेही मारली. तिथल्या सोनेरी टॅमरिनची संख्या त्या रोगाने सुमारे ३,७०० वरून २,५०० वर आली. पण गप्प राहणे हा त्यावर उपाय नव्हे. माकड रोगाचा पहिला बळी असते आणि त्याच्या मरणातून आपल्याला आगाऊ सूचना मिळते, हे गावात आपणच सांगितले पाहिजे. ‘माकडताप’ या नावाने दोष उगाच त्याच्या माथी मारला गेला आहे.

मृत माकडाला उघड्या हाताने शिवू नये, वन विभाग आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे नमुना पोचायला इथून अंतर फार नाही. आणि मृत्यू विजेच्या धक्क्याचा निघाला, तरी तारीख, ठिकाण, जात आणि कारण दवाखान्याच्या वहीत उतरवावे. डिसेंबर ते मे हा या रोगाचा काळ. यंदा माकडे नेहमीइतकीच मेली की जास्त, हे सांगायला मागच्या वर्षांची वही हाताशी लागते.