संशोधक पोसायचे कशाला?

डिसेंबर 2023. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या पीएच.डी. फेलोशिपचा विषय निघाला. जागांवर मर्यादा का घातली, असं विचारल्यावर तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी, पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा उलट सवाल केला. पुढे दिलगिरी व्यक्त झाली आणि बातमी विरली. सवाल मात्र विरला नाही, कारण तो एकट्या मंत्र्याचा नव्हता. लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत तो ऐकू येतो. मुलाचा किंवा मुलीचा विषय पर्यावरण असला, तर त्याला आणखी धार चढते: झाडं मोजायला आणि विहिरीत टेप सोडायला सरकारने महिन्याला सदतीस हजार का मोजायचे?

सवालाचा सूर उद्धट असला, तरी पैसा करदात्याचा आहे आणि हिशेब मागण्याचा त्याला हक्क आहे. तेव्हा हिशेबच मांडू.

जानेवारी 2023 पासून यूजीसीची कनिष्ठ फेलोशिप दरमहा 37 हजार आणि वरिष्ठ फेलोशिप 42 हजार रुपये आहे. पहिली दोन वर्षं कनिष्ठ, पुढची तीन वरिष्ठ. घरभाडं सोडलं, तर पाच वर्षांचे बरोबर 24 लाख होतात. आता दुसरा आकडा. जलयुक्त शिवार योजनेवर राज्याने 9 हजार 633 कोटी रुपये खर्च केले आणि भूजल पातळी वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका कॅगने 2020 मध्ये ठेवला. तो ठपका कितपत रास्त यावर वाद झाले, होत राहतील. पुढे योजनेचा दुसरा टप्पाही आला. माझा मुद्दा निराळा आहे. त्या खर्चाचा एक टक्का, म्हणजे 96 कोटी, फेलोशिपला ठेवला असता, तर चारशे संशोधक पाच वर्षं कामाला लागले असते. राज्यात तालुके आहेत 358. प्रत्येक तालुक्यात एक संशोधक विहिरींची पातळी लिहीत बसला असता, तर आज पाणी वाढलं की नाही यावर भांडावं लागलं नसतं. वही उघडून बघता आलं असतं.

इथे पहिला आक्षेप येतो: त्यासाठी सरकारी खाती आहेत की! आहेत, आणि त्यांना कमी लेखायचं कारण नाही. 1972 च्या दुष्काळात उभी राहिलेली भूजल सर्वेक्षण यंत्रणा आजही विहिरी मोजते. पण तिच्या निरीक्षण विहिरी सुमारे चार हजार आणि राज्यातली गावं चाळीस हजारांच्या वर. शिवाय आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा कातळ आहे. एका विहिरीला मे महिन्यात पाणी असतं आणि शंभर पावलांवरची फेब्रुवारीतच तळ दाखवते. असा खडक समजून घ्यायचा, तर एकाच शिवारात अनेक पावसाळे काढावे लागतात. अधिकाऱ्याची तीन वर्षांत बदली होते. सल्लागार कंपनी अहवाल देऊन मोकळी होते. एका प्रश्नाला धरून एका जागी पाच वर्षं राहण्याची मुभा, किंबहुना सक्ती, असलेला माणूस म्हणजे पीएच.डी.चा विद्यार्थी.

आणि खात्यांचं ज्ञान चुकतंही. दांडेलीच्या कागद गिरणीला उत्तर कन्नडच्या जंगलातला बांबू कवडीमोल दराने मिळत असे. सत्तरच्या दशकात तो झपाट्याने संपू लागला. गिरणी आणि वनखातं गावकऱ्यांकडे बोट दाखवत, तर टोपल्या विणणारे गिरणीकडे. 1975 मध्ये कर्नाटक सरकारने परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांना अभ्यास करायला सांगितलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बेटं मोजली, कोंब कुठे टिकतात आणि कुठे मरतात ते पाहिलं. निघालं ते असं: दाटी कमी होऊन बांबू चांगला वाढावा म्हणून बेटाच्या बुंध्याशी असलेलं काटेरी आवरण तोडून टाकायची पद्धत होती. ते आवरण गेलं की पावसाळ्यात उगवणारे कोवळे कोंब गुरांच्या आणि रानातल्या जनावरांच्या तोंडी उघडे पडत. म्हणजे बांबूची निगा राखण्यासाठी होणारा खर्चच बांबूच्या मुळावर आला होता. जंगलाकाठच्या माणसांना हे आधीच ठाऊक होतं. पण मोजून, कागदावर मांडून दाखवेपर्यंत सरकारदरबारी त्याला किंमत नव्हती. काय दिवे लावले, याचं याहून स्वच्छ उत्तर मला देता येत नाही.

दुसरा आक्षेप छातीठोकपणे केला जातो: ही मंडळी विकासाच्या आड येतात. बांबूपुरतं बोलायचं, तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाकडे पाहा. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्यासाठी वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती आलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल या कार्यकर्त्यांच्या या गावात अभ्यासगटाची शिस्त त्याआधी कितीतरी वर्षांपासून होती. किती तोडायचं, किती राखायचं हे ठरवल्याशिवाय विक्री टिकत नाही, आणि मोजल्याशिवाय ते ठरत नाही. गडचिरोलीत आता असे हक्क मिळालेल्या अनेक ग्रामसभा आहेत. त्यांच्या जंगलाचा आराखडा करताना सोबत बसून मोजायला माणूस हवा. तो विकासाच्या आड येतो म्हणणाऱ्याने एकदा त्या ग्रामसभेचं जमाखर्चाचं पुस्तक मागून पाहावं.

परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, असंही सांगितलं जातं. राजर्षी शाहूंच्या नावाने राज्य सरकारच मुलांना बाहेर पाठवतं आणि ते उत्तमच आहे. पण लोक बाहेर जाऊन शिकले, म्हणून कोकणातल्या जांभ्या दगडाचे सडे इथून हलत नाहीत. महसुली कागदांवर पडीक म्हणून नोंदलेल्या अशा माळांवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत काय उगवतं, हे तिथेच वाकून बघावं लागतं. अशाच जांभ्याचं कास पठार 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, म्हणून त्याचं कौतुक झालं. बाकीच्यांच्या नशिबी चिऱ्याच्या खाणी.

टीकाकारांचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. तालुक्यातल्या पाण्याचे नमुने दोनदा गोळा करायचे, सामू आणि क्षार तपासायचे, तक्ते भरायचे आणि प्रबंध बांधून ग्रंथालयात ठेवायचा, असलं संशोधन पोत्याने होतं. त्या गावाला त्यातली एक ओळ कळत नाही. पण याचं खापर फक्त विद्यार्थ्यावर फोडता येणार नाही. विज्ञान शाखेच्या संशोधकाला किरकोळ खर्चासाठी पहिली दोन वर्षं वर्षाकाठी 12 हजार रुपये मिळतात. आठवडाभर जीप घेतली की ते संपतात. मग नमुने दोनदाच गोळा होणार. हप्ता दिवाळीत आला, तर पावसाळा हातचा गेला, म्हणजे वर्ष गेलं. निवडीची तऱ्हा तर काय सांगावी! बार्टी, सारथी आणि महाज्योती या तिन्ही संस्थांच्या फेलोशिपसाठी 24 डिसेंबर 2023 ला परीक्षा झाली. त्यात 2019 च्या सेटचाच पेपर पुन्हा आला आणि 10 जानेवारीला फेरपरीक्षा घ्यावी लागली. मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने 2022 मध्ये बंदच केली. असे खिळे ठोकून ठेवायचे आणि मग गाडी का चालत नाही म्हणून विचारायचं.

तेव्हा मागणी सरळ आहे. पाणी, जंगल, वाळू, मासेमारी यांवरच्या प्रत्येक मोठ्या योजनेतला एक टक्का संशोधनासाठी राखा. पैसे मे महिन्याच्या आत खात्यात जमा करा. फिरतीचा खर्च खरा द्या. आणि बदल्यात संशोधकाकडून वसूलही करा: प्रबंधाबरोबर त्या गावासाठी मराठीत पंधरा-वीस पानी अहवाल, ग्रामसभेत वाचून दाखवलेला आणि मूळ मोजमापांची वही ग्रामपंचायतीत जमा केलेली. हे न करणाऱ्याची शेवटच्या वर्षाची फेलोशिप रोखली, तरी माझी तक्रार नसेल. मात्र ही रक्कम समाजकल्याणाच्या रकान्यात, गरजू विद्यार्थ्यांना मदत म्हणून दाखवणं थांबवावं. ती योजनेच्या अंदाजपत्रकातच, सिमेंट आणि जेसीबीच्या वरच्या ओळीत, मोजणीचा खर्च म्हणून लिहावी.