रायपूरचा पाहुणा संघ : ताकद मोजावी तरी कशी?

रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर भारताचा सामना जाहीर झाला, की पाहुण्या संघाच्या बलाबलाची चर्चा सुरू होते. नागपूरहून गोंदिया, राजनांदगाव, दुर्गमार्गे येणारा क्रिकेटरसिक गाडीतच दोन्ही संघांचे गणित मांडू लागतो. या गणिताचा आधार बहुधा एकच असतो, तो म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मागील सामन्याचा निकाल. मात्र जानेवारी २०२३ ते जानेवारी २०२६ या काळात भारतीय पुरुष संघ येथे जे चार आंतरराष्ट्रीय सामने खेळला, ते पाहता हा आधार फारसा भरवशाचा नाही असेच म्हणावे लागते.

धावफलकाच्या आड

या मैदानावरील पहिला आंतरराष्ट्रीय सामना २१ जानेवारी २०२३ रोजी न्यूझीलंडविरुद्ध झाला. त्याच्या तीनच दिवस आधी हैदराबादला ३५० धावांचा पाठलाग करताना न्यूझीलंडने ३३७ धावांपर्यंत मजल मारली होती. मायकेल ब्रेसवेलने ७८ चेंडूंत १४० धावा फटकावल्या होत्या. साहजिकच रायपूरला चुरशीची लढत होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात न्यूझीलंडचा निम्मा संघ अवघ्या १५ धावांत तंबूत परतला आणि १०८ धावांवर डाव आटोपला. भारताने तो सामना आठ गडी राखून जिंकला.

या घसरगुंडीची खूण हैदराबादच्या धावफलकातच होती. तेथेही न्यूझीलंडची अवस्था ६ बाद १३१ अशी झाली होती. ब्रेसवेलच्या खेळीने आघाडीच्या फळीचे अपयश झाकले गेले, इतकेच. रसिकांच्या लक्षात ३३७ हा आकडा राहिला, १३१ मात्र विस्मरणात गेला.

याउलट प्रकार ३ डिसेंबर २०२५ रोजी घडला. दक्षिण आफ्रिकेने त्याआधी कसोटी मालिका २-० अशी जिंकली होती, पण रांचीच्या पहिल्या एकदिवसीय सामन्यात ३ बाद ११ अशा स्थितीनंतर त्यांचा १७ धावांनी पराभव झाला. भारताचे पारडे जड झाल्याचे मानले गेले. परंतु त्या पडझडीनंतरही आफ्रिकेने ३३२ धावा केल्या होत्या. मार्को यान्सन आणि कॉर्बिन बॉश या तळाकडच्या फलंदाजांनीही अर्धशतके झळकावली होती. पराभूत झालेल्या त्या संघाची फलंदाजी किती खोलवर आहे, हे रांचीतच दिसून आले होते.

रायपूरला त्याचा प्रत्यय आला. विराट कोहलीच्या १०२ आणि पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या १०५ धावांच्या बळावर भारताने ५ बाद ३५८ धावा केल्या. ऋतुराजचे हे पहिलेच एकदिवसीय शतक. तरीही एडन मार्करमच्या ११० धावांच्या जोरावर आफ्रिकेने चार गडी आणि चार चेंडू राखून विजय मिळवला. भारताविरुद्धच्या सर्वांत मोठ्या यशस्वी पाठलागाच्या विक्रमाशी त्यांनी बरोबरी केली.

तोच संघ, वेगळे खेळाडू

दुसरा प्रश्न आहे तो प्रत्यक्ष मैदानात उतरणाऱ्या अकरा जणांचा. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी गुवाहाटीला ऑस्ट्रेलियाने २२३ धावांचे लक्ष्य शेवटच्या चेंडूवर गाठले होते. ग्लेन मॅक्सवेलने नाबाद १०४ धावा केल्या होत्या. तीन दिवसांनी रायपूरला उतरलेल्या संघात मॅक्सवेल नव्हता, मार्कस स्टॉइनिस आणि जॉश इंग्लिसही नव्हते. विश्वचषकानंतर हे खेळाडू मायदेशी परतले होते. भारताने ९ बाद १७४ एवढ्याच धावा केल्या. अमरावतीच्या जितेश शर्माने त्यात १९ चेंडूंत ३५ धावांची भर घातली. अक्षर पटेलने १६ धावांत तीन बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव १५४ धावांवर थांबला. गणवेश तोच असला, तरी संघ वेगळा होता.

दव आणि नाणेफेक

तिसरा घटक कोणत्याच संघाच्या यादीत आढळत नाही. हे चारही सामने डिसेंबर-जानेवारीतले होते. या दिवसांत सूर्यास्तानंतर मैदानावरील गवत झपाट्याने थंड होते आणि त्यावर दव साचते. चेंडू ओला झाला, की फिरकी गोलंदाजाची पकड सुटते आणि चेंडू बॅटवर सहज येतो. जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार एकदिवसीय डावात ३४ षटकांनंतर दोनपैकी एकच चेंडू वापरला जातो. जुन्या चेंडूने गोलंदाजांना साहाय्य मिळावे हा त्यामागील हेतू. मात्र चेंडू ओलाच राहिला, तर या हेतूचा उपयोग मर्यादित ठरतो.

चारही सामन्यांत नाणेफेक जिंकणाऱ्या कर्णधाराने क्षेत्ररक्षणच पत्करले आणि त्यांपैकी तीन सामने त्याच्याच संघाने जिंकले. २३ जानेवारी २०२६ रोजी न्यूझीलंडच्या २०८ धावा भारताने २८ चेंडू आणि सात गडी राखून पार केल्या. तेव्हाही भारताची सुरुवात २ बाद ६ अशी झाली होती. त्यानंतर ईशान किशनने ७६ आणि सूर्यकुमार यादवने नाबाद ८२ धावा केल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र भारताने एकदिवसीय सामन्यांतील सलग विसावी नाणेफेक गमावली होती.

अर्थात सारे खापर दवावर फोडणे योग्य नव्हे. ऑस्ट्रेलियाला नाणेफेक जिंकूनही १७५ धावा करता आल्या नाहीत. आफ्रिकेविरुद्धच्या सामन्यात मार्करम ५३ धावांवर असताना त्याचा झेल यशस्वी जयस्वालच्या हातून सुटला होता. मैदान अनुकूल असले, तरी त्याचा लाभ उठवावा लागतो.

रसिकाने काय पाहावे?

मागील निकाल नव्हे, तर मागील डावाची जडणघडण पाहावी. धावा एकट्याने केल्या की अनेकांनी, पडझडीनंतर कोण उभे राहिले, त्यांतील कोण आता खेळणार आहे आणि दुसऱ्या डावात ओल्या चेंडूने गोलंदाजी कोणाला करावी लागेल, या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर अंदाज बराच जवळ जातो.

ही केवळ भाकिताची हौस नाही. अंदाज चुकला, की त्याची किंमत बहुधा गोलंदाजाला मोजावी लागते. ३५८ धावांचे संरक्षण न झाल्यावर भारतीय गोलंदाजांवर टीका झाली. तीनच दिवसांनी विशाखापट्टणमला भारताने नाणेफेक जिंकून आधी गोलंदाजी केली, याच आफ्रिकेला २७० धावांत गुंडाळले आणि नऊ गडी राखून मालिका जिंकली. रायपूरला पुढचा पाहुणा कोणीही येवो, त्याचे माप घेताना आपल्या संघापुढील अडचणीही त्याच तराजूत टाकल्या, तर निकालानंतरचा रोष तरी न्याय्य राहील.