राजावाचून समाज

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळात 'समाजाच्या स्थैर्यासाठी प्रबळ सत्ताधीश अपरिहार्य आहे' असा विषय ठेवण्यात आला होता. अनुकूल बाजूने मी बोललो. राजा नसेल तर मात्स्यन्याय माजतो, मोठा मासा लहान माशाला गिळतो. आदिमानव असाच एकमेकांचे गळे कापीत जगत होता आणि पहिल्या राजाने त्याला माणसांत आणले, असे मी मोठ्या आवेशाने प्रतिपादिले. टाळ्या पडल्या, पारितोषिकही मिळाले. परंतु त्यानंतरच्या वाचनाने आणि एका सहलीने माझे मत पार पालटले आहे. ज्यांच्यापुढे मी ते बोललो, त्यांच्यापुढेच चूक कबूल करावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कालगणना पाहू. आपल्यासारखी माणसे या पृथ्वीवर सुमारे ३ लक्ष वर्षे वावरत आहेत. शेतीचा आरंभ फार तर १२ हजार वर्षांपूर्वीचा आणि राजे, राजधान्या व राज्ये ही सुमारे ५ हजार वर्षांपूर्वीची. ही ३ लक्ष वर्षे म्हणजे एक अहोरात्र मानले, तर पहिला राजा रात्री ११ वाजून ३६ मिनिटांनी सिंहासनावर बसतो! उरलेला सारा दिवस माणसाने राजावाचून काढला. नुसते गळे कापून इतका काळ कोणतीही जात टिकली नसती.

आमची सहल भीमबेटकाला गेली होती. उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली या शैलाश्रयांचा शोध लावला आणि २००३ साली त्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. तेथील जुन्या चित्रांत अनेक जण मिळून एका प्रचंड पशूची शिकार करताना दिसतात. कोठे हातात हात गुंफून नाचणाऱ्यांची रांग दिसते. पुष्कळ नंतरच्या, ऐतिहासिक काळातील चित्रांत मात्र घोड्यांवर आणि हत्तींवर बसलेले सशस्त्र स्वार येतात. चित्रांवरून समाजरचनेचा निवाडा करता येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही ती रांग पाहताना माझ्या भाषणातील 'रानटी' हा शब्द मला टोचू लागला.

राजा नसता तंटे कोण मिटवी, बलवानाला कोण आवरी, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटातील शिकारी लोकांची रीत या बाबतीत उद्बोधक आहे. रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञाने १९६३ सालापासून त्यांचा अभ्यास केला. त्याने नाताळानिमित्त त्यांना एक धष्टपुष्ट बैल भेट दिला, तेव्हा जो तो त्या बैलाला हाडकुळा म्हणून हिणवू लागला. पुढे त्याला कळले की, कोणी मोठी शिकार आणली तरी ते असेच करतात. कारण यशाने फुगलेला तरुण उद्या स्वतःला धनी आणि इतरांना चाकर समजू लागेल, अशी त्यांना धास्ती असते. शिवाय ज्याचा बाण लागला, त्याला मांसवाटपाचा मान. आणि बाण तर ते एकमेकांना देत-घेत असतात. म्हणून नेम कोणाचाही असो, वाटप करण्याची पाळी पुष्कळांवर येते. हे लोक आदिमानवाचे जतन केलेले नमुने नव्हेत. आपल्याइतकेच ते आजच्या जगातील आहेत. परंतु समता आपोआप राहत नाही, ती रोज राखावी लागते, आणि राजावाचूनही राखता येते, एवढे त्यांच्यावरून निश्चित दिसते.

'लहान टोळ्यांत हे ठीक. मोठ्या कार्याला हुकूम देणारा हवाच,' असाही आक्षेप येईल. तुर्कस्तानात गोबेक्ली टेपे येथे सुमारे ११ हजार ५०० वर्षांपूर्वी शिकारीवर आणि रानातल्या धान्यावर जगणाऱ्या लोकांनी साडेपाच मीटरपर्यंत उंचीचे कोरीव पाषाणस्तंभ उभारले. राजवाड्याचा तेथे मागमूस नाही. त्याच देशातील चाताल-ह्यूक येथे सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी मोठी वस्ती होती. घराला घर लागलेले, मध्ये गल्ली नाही. छपरावरून चालायचे आणि शिडीने घरात उतरायचे. इतक्या दाटीत, सुमारे हजार वर्षे नांदलेल्या त्या गावात राजवाडा सापडलेला नाही आणि घरेही बहुतांशी सारख्याच मापाची आहेत.

मात्र प्राचीन काळ म्हणजे सत्ययुग होते, असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. केनियात नातारुक येथे सुमारे १० हजार वर्षांपूर्वी कत्तल झालेल्या शिकारी लोकांचे सांगाडे मिळाले आहेत. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर शेती न करणाऱ्या, मासेमारीवर जगणाऱ्या समाजांतही सरदार होते आणि गुलामही होते. तात्पर्य, शिकारी तेवढे समान आणि शेतकरी तेवढे विषम, असा निसर्गनियम नाही. माणसांनी निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या व्यवस्था घडविल्या.

महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे तर पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावचे घ्यावे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे ३ हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार आढळले. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एका पुरुषाला मांडी घातलेल्या स्थितीत पुरले होते. हा गावचा प्रमुख असावा, असे संशोधकांचे मत आहे. मोठ्या शेतकऱ्यांची घरे मध्यावर आणि कारागिरांची पश्चिमेच्या कडेला, ही मांडणी आपल्या खेड्यांची आठवण करून देते. पाटाचे पाणी आणि कोठारातील धान्य यांची व्यवस्था ज्याच्या हाती, त्याच्या हाती सत्ता आली असावी. ही सत्ता उपयोगी पडत नसेल, असे मी म्हणत नाही. परंतु पाऊसमान घटले तेव्हा तिने गाव तारले नाही. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेरीस वस्ती उठली.

आपल्या पूर्वजांनाही हे दोन्ही पक्ष ठाऊक होते. महाभारताच्या शांतिपर्वात अराजकाच्या भीतीचे वर्णन आहे. आणि आरंभी राजा नव्हता, दंडही नव्हता, लोक धर्माने एकमेकांचे रक्षण करीत, असेही सांगितले आहे. मी भाषणासाठी त्यातले सोयीचे तेवढे उचलले होते.

हा वाद केवळ भूतकाळाचा नाही. 'उच्चनीचता अनादि आहे, ती राहणारच' असे आपल्याला पदोपदी ऐकविले जाते. पाणवठ्यावर, पंक्तीत, नोकरीत, घरात याच वाक्याने अन्याय झाकला जातो. ते वाक्य इतिहासाला धरून नाही. जे माणसांनी घडविले ते माणसांना बदलता येते. कायदा आणि शासन आपल्याला हवेच. परंतु ते चालविणाऱ्याला धनी होऊ न देण्याची दक्षता आपण सर्वांनी घ्यावयाची आहे, आणि तिचा सराव वर्गनायकाच्या निवडणुकीपासून करता येईल. यंदा मंडळाने तोच विषय पुन्हा ठेवावा, अशी माझी विनंती आहे. या खेपेस मी प्रतिकूल बाजूने बोलेन, मग पारितोषिक मिळो वा न मिळो.