छापलेला जबडा

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1941 पासून कॅन्सरचे रुग्ण देशभरातून येतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा गाठीबरोबर जबड्याचं हाडही काढावं लागतं. मग चावणं, बोलणं, चारचौघांत बसणं, सगळंच अवघड होतं. आता सीटी स्कॅनवरून त्याच रुग्णाच्या जबड्याची प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर छापता येते. टायटॅनियमची पट्टी त्यावर आधीच वाकवून घेतात. नडगीशेजारचं बारीक हाड कुठे, किती कोनात कापून जबड्याला जोडायचं, त्याचे साचेही छापतात. ऑपरेशनचा वेळ वाचतो, चेहरा जागेवर येतो.

छापील अवयव हा या अंकाचा विषय. यकृत किंवा मूत्रपिंड छापणं अजून दूर आहे, कारण पेशी जगवणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं उभारणं जमलेलं नाही. पण पहिले प्रयत्न अपुरेच असतात: टाटाच्या शेजारच्याच केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी 1968 साली हृदयारोपण केलं, तेव्हा रुग्ण काही तासच जगला. तरी ते धाडस करायलाच हवं होतं, असं आम्हाला वाटतं.

आमचा भर मात्र खर्चावर आहे: लालबागच्या चाळीतल्या माणसाला हा जबडा परवडेल का? सर्जन, तंत्रज्ञ आणि घरातल्या कुणासाठी परळच्या फुटपाथवर रात्री काढलेले वाचक, आम्हाला जरूर लिहा.