तारीख कोणी मागितली?



बांधाच्या दाव्यासाठी वरकुट्याहून इंदापूरच्या कोर्टात जायचे, म्हणजे ज्वारीच्या काढणीतला एक दिवस मोडतो. पुकारा होतो, पुढची तारीख पडते, आपण मुकाट परततो. तारीख लांबली की ज्याच्याकडे ताबा, त्याचे फावते.

ती कोणी मागितली, हे रोजनाम्यात लिहिलेले असते. त्याची नक्कल मागा, तो आपला हक्क आहे. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, अशी तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून आहे. पण ती आपोआप चालत नाही. समोरच्याने चौथी मागितली, तर आपल्या वकिलाने हरकत घ्यावी, खर्च मागावा.

आपणही चुकू नये. समन्स मिळाल्यावर कैफियत ३० दिवसांत द्यावी. पुकाऱ्याला प्रतिवादी गैरहजर राहिला, तर हुकूमनामा एकतर्फी होऊ शकतो. तो रद्द करण्याचा अर्जही ३० दिवसांतच करावा लागतो. वकिलाची ऐपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तेथे उत्पन्नाची अट नाही.

वाफसा चुकला की पेरणी गेली. कोर्टातही मुदत म्हणजे वाफसाच!