लोहितांग ज्वर आणि दहा दिवसांची मुदत

मुलाला ताप भरून अंगावर पुरळ उठले की तो गोवर, कांजण्या वा उष्णतेचा विकार असल्याचा फैसला शेजारपाजारच्या अनुभवावर उरकून उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवण्याची रीत वसई-विरारच्या अनेक घरांत जुनी आहे. परंतु याच लक्षणांच्या आडून येणारा लोहितांग ज्वर, म्हणजेच डॉक्टरांचा स्कार्लेट फीवर, देवीच्या कोपाने येत नाही आणि गोवराच्या लशीने टळतही नाही.

त्याचे कारण घशात ठाण मांडणारा स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू असून, त्याचे विष रक्तात भिनल्यानेच अंगावर लाली उमटते. खोकल्या-शिंकेच्या तुषारांवाटे तो पसरत असल्याने, नालासोपाऱ्यातील एकखोली बिऱ्हाडे आणि एकेका बाकावर दाटीने बसणारे वर्ग त्याला अनायासे अनुकूल ठरतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना तो विशेषेकरून गाठतो.

संसर्गानंतर साधारणतः २ ते ५ दिवसांनी अकस्मात ताप, घशात तीव्र वेदना व क्वचित ओकारी. मग एक-दोन दिवसांत मानेवर, छातीवर उठून सर्वांगभर पसरणारे बारीक पुरळ, काखेत व जांघेत गडद रेषा, ओठांभोवती फिकेपणा, आणि आधी पांढरी व मागाहून लालबुंद, दाणेदार झालेली जीभ, असा त्याचा क्रम असतो. आपल्या सावळ्या वर्णावर लाली सहसा दिसत नाही, सबब त्वचेवरून हात फिरवून ती पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते काय हे पाहावे. वाहते नाक, खोकला व लाल डोळे असतील तर संशय गोवराकडे वळतो. तथापि अंतिम निर्णय डॉक्टरांचाच, कारण प्रत्येक पुरळावर प्रतिजैविक देणे हाही अविचारच होय.

निदान पक्के झाल्यावर पेनिसिलिन वा अमॉक्सिसिलिन बहुधा १० दिवस घ्यावे लागते, आणि खरी कसूर येथेच घडते. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, मूल खेळू लागते, पहाटेची लोकल गाठणाऱ्या आई-बापांना उरलेल्या गोळ्या अनावश्यक खर्च वाटतात. परंतु अर्धवट उपचारानंतर दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ज्वर उद्भवून हृदयाच्या झडपा कायमच्या बाधित होऊ शकतात. लक्षणे दिसल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू करून ते मुदतभर घेतल्यास हा अनर्थ बहुतांशी टळतो. पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले, त्या अर्थी हे औषध आपल्या प्रांताला नवखे किंवा दुर्मिळ खचितच नाही.

शाळा बुडेल ही सबबही टिकणारी नाही, कारण औषध सुरू होऊन २४ तास लोटले आणि ताप उतरला की मूल वर्गात बसू शकते. मात्र तेवढ्या गैरहजेरीसाठी दाखल्यांचा तगादा लावून शाळांनी पालकांना आजार लपविण्यास प्रवृत्त करू नये. आणि महानगरपालिकेने आपल्या दवाखान्यांतून दोन दिवसांच्या पुड्यांऐवजी संपूर्ण मुदतीचे औषध एकदम हाती पडेल अशी तजवीज करावी. दहा दिवसांच्या गोळ्यांचा खर्च हृदयाच्या झडपेवरील शस्त्रक्रियेपुढे नगण्य आहे, आणि तो उचलणे पालकांच्या ऐपतीवर सोडून देण्याजोगी बाब नव्हे.