दगड, सांधा आणि हिशेब

कोणत्याही भव्य वास्तूसमोर उभे राहिल्यावर सामान्य माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो : ही कोणी बांधली आणि तिला खर्च किती आला? पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून आपण एखाद्या राजाचे नाव सांगतो आणि दुसऱ्याला उत्तर म्हणून डोळे दिपविणारी एखादी रक्कम. ती वास्तू उभी कशी राहिली आणि कशाच्या बळावर आजवर टिकली, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक तो जितका स्थापत्यशास्त्राचा, तितकाच अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. ज्या मराठवाड्याने १९९३ साली एका पहाटे आपली हजारो माणसे आपल्याच घरांच्या भिंतींखाली गमावली, त्या मराठवाड्याला तर हा प्रश्न टाळताच येणार नाही.

फुलंब्री हे अजिंठ्याच्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. येथून पश्चिमेस खुलताबादमार्गे वेरूळ आहे आणि दक्षिणेस छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. या दोन ठिकाणांच्या दोन वास्तू आणि आमच्या खेड्यापाड्यांतील माळवदाची घरे ही सारी एकाच काळ्या दगडाची लेकरे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून जो बेसॉल्ट तयार झाला, तोच वेरूळला कोरला गेला, तोच मकबऱ्याच्या भिंतींत रचला गेला आणि तोच शेतकऱ्याच्या घराच्या भिंतींत आला. दगड एक, पण तो वापरण्याची रीत तीन प्रकारची. आणि त्या तिन्ही रीतींचे फळ वेगवेगळे. या तुलनेतून जे शिकावयाचे आहे, ते आपण अद्याप पुरतेपणी शिकलो आहोत असे वाटत नाही.

प्रथम वेरूळच्या कैलास लेण्याचा विचार करू. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकात, हे काम झाले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याला आपण मंदिर म्हणतो, तथापि रूढ अर्थाने ते बांधलेले नाहीच. डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनी खोल चर खणून मध्ये दगडाचा एक प्रचंड ठोकळा मोकळा करावयाचा आणि मग शिखरापासून पायाकडे तो कोरीत उतरावयाचे, अशी ही पद्धत. जगातील सर्व बांधकाम पायापासून सुरू होते. येथे पाया सर्वांत शेवटी आला. मागील बाजूस हा छेद सुमारे शंभर फूट खोल गेला आहे. काढून टाकलेल्या दगडाचे अंदाज वेगवेगळे असले, तरी ते दीड-दोन लाख टनांच्या घरात जातात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा विलक्षण जमाखर्च आहे. येथे दगडाची वाहतूक नाही, चुना नाही, शिखर चढविण्यासाठी उंच परांच्या नाहीत. साहित्यावरचा खर्च जवळजवळ शून्य. जो काही खर्च झाला तो मजुरीवर, छिन्नी-हातोड्यांवर आणि पाथरवटांच्या पिढीजात कौशल्यावर. शिवाय सर्व काही एकाच दगडाचे असल्यामुळे या वास्तूला सांधाच नाही, आणि सांधा नाही म्हणून तो निखळण्याची भीतीही नाही. मात्र या पद्धतीची एक जबर अट आहे : येथे चुकीला क्षमा नाही. रचलेल्या भिंतीतील वाकडा दगड काढून दुसरा बसविता येतो. कोरलेल्या खांबाचा निघालेला कोपरा परत जोडता येत नाही. म्हणून ही रीत एखाद्या साम्राज्यालाच परवडणारी. संसारी माणसाला दगड रचावाच लागतो, आणि रचणे आले की सांधा आला.

आता बीबी का मकबरा पाहा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर. सतराव्या शतकाच्या मध्यास बांधलेली. मुख्य प्रवेशद्वाराच्या लेखात अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी दोन नावे आहेत. यातील अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. या वास्तूचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे इतका झाल्याची नोंद गुलाम मुस्तफाच्या तवारिखेत आहे. ताजमहालाच्या खर्चाचा जो अंदाज नेहमी सांगितला जातो, तो सुमारे ३ कोटी २० लाखांचा. म्हणजे बापाच्या कामाला जो पैसा मिळाला, त्याचा जेमतेम पन्नासावा हिस्साच मुलाच्या वाट्याला आला. पुढच्या काळातील रसिकांनी मकबऱ्याला ताजची गरीब नक्कल म्हणून हिणविले, त्याचे मूळ येथे आहे.

परंतु पैसा अपुरा पडला तेव्हा त्या कारागिरांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. संगमरवर जयपूरकडच्या खाणींतून आणावा लागे. ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याला सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवराने लादलेले सुमारे तीनशे गाडे दिसले आणि त्यांतील लहानात लहान गाड्यालादेखील बारा बैल जुंपलेले होते, असे सांगितले जाते. हा हिशेब धरला तर निदान ३,६०० बैल झाले. त्यांचा चारा, गाडीवानांची मजुरी आणि वाटेतील मुक्काम हे सारे त्या दगडाच्या किमतीत मिळवावयाचे. तेव्हा संगमरवर जेथे डोळ्यांना हवा तेथेच वापरला गेला : खाली कमरपट्टीपर्यंत आणि वर घुमटाला. मधला सारा भाग स्थानिक बेसॉल्टचा. त्यावर चुन्याचा गिलावा इतका घोटून केला की दुरून पाहणाऱ्याला फरक कळू नये. संगमरवराचा पैसा परमुलखात गेला. पण काळ्या दगडाचा, चुन्याचा आणि गिलाव्याचा पैसा येथल्याच खाणकऱ्याला, भट्टीवाल्याला आणि गवंड्याला मिळाला असला पाहिजे. नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेबही ध्यानात घ्यावा.

अर्थात या काटकसरीची दुसरी बाजू आहे. संगमरवर एकदा बसविला की शतकानुशतके त्याची फारशी विचारपूस करावी लागत नाही. गिलावा मात्र पावसाने काळवंडतो, फुगतो, सुटतो. बांधताना वाचविलेला पैसा पुढील पिढ्यांना डागडुजीच्या रूपाने फेडावा लागतो. भांडवली खर्च कमी झाला की आवर्ती खर्च वाढतो, हे अर्थशास्त्राच्या वर्गात फळ्यावर लिहून शिकवावे लागते. मकबऱ्याच्या भिंतीवर ते दर पावसाळ्यात आपोआप लिहिले जाते.

या रचलेल्या वास्तूचा प्राण तिच्या सांध्यात आहे. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मुळीच सोसत नाही. म्हणून जुन्या स्थपतींनी कमान आणि घुमट यांचा आश्रय घेतला. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलतो आणि वरचा भार ताणाच्या रूपाने न राहता दाबाच्या रूपाने बाजूंना उतरतो. तो बाहेर रेटणारा जोर पेलण्यासाठी बाजूच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात. या दगडांना एकत्र धरणारा चुना घाणीत बैल फिरवून वाळू व विटांच्या भुकटीसह मळला जाई. तो सावकाश घट्ट होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषीत वर्षानुवर्षे त्याचे पुन्हा दगडात रूपांतर होत राहते. भिंत किंचित हलली तरी तो थोडे सोसून घेतो आणि आतील ओल बाहेर पडू देतो. हे ज्ञान ग्रंथांत थोडे आणि हातांत अधिक होते. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उघडकीस आणले. तेथे किडीचा उपद्रव कमी असण्याचे श्रेय अभ्यासकांनी या मिश्रणाला दिले. मातीत काय कालवावे हेदेखील एक शास्त्र होते, याचा हा पुरावा.

आता तिसरी रीत. ती आपल्या घरांची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास मराठवाड्याच्या दक्षिण टोकाला किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. धक्क्याची तीव्रता सहाच्या थोडी वर. जगात अन्यत्र एवढ्या धक्क्याने इतका संहार होतोच असे नाही. माणसे मेली ती भिंतींखाली आणि माळवदांखाली. त्या भिंती दोन-अडीच फूट जाड, दिसावयास किल्ल्यासारख्या. पण आतून त्या वस्तुतः दोन वेगळ्या भिंती होत्या. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मध्ये गोटे व माती यांची भर. एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत आरपार जाणारा, दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा लांब दगड बहुतेक घरांत नव्हताच. चुन्याच्या जागी केवळ माती. वर गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे चढविलेले मातीचे थर, म्हणजे कित्येक टनांचे ओझे. धक्का बसताच दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटल्या आणि ओझे खाली आले.

यातही एक लक्षणीय गोष्ट घडली. ज्या घरांत खणांची लाकडी चौकट, म्हणजे खांब आणि तुळया, एकमेकांशी नीट जखडलेली होती, तेथे भिंती ढासळूनही पुष्कळदा माळवद वरच तरले आणि खालची माणसे वाचली. लाकूड जुनेच होते, सुतार गावचाच होता. फरक सांध्याचा होता.

परंतु लोकांनी त्यातून निष्कर्ष काढला तो असा, की दगड वाईट आणि सिमेंट चांगले. भीतीच्या छायेतील माणसाला दोष देता येत नाही. ज्याने आपली लेकरे दगडांखालून उपसून काढली, त्याला चुन्याचे गुण सांगत बसणे क्रूरपणाचे ठरेल. बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. अन्य गावांतील उभ्या घरांना आरपार दुवे घालून, माथ्याशी काँक्रीटचा पट्टा फिरवून, माळवदावरची माती कमी करून ती बळकट करण्याची पद्धत तज्ज्ञांनी आखून दिली होती आणि त्यासाठी शासकीय साहाय्यही मिळाले. तरी अनेकांनी त्या पैशात जुन्या घराशेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधणेच पसंत केले. खोली दिसते, भिंतीत घातलेला दुवा दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर पैसा खर्च करण्यास आपण नेहमीच नाखूश असतो, मग तो व्यक्तीचा असो वा सरकारचा.

सिमेंट काँक्रीट हे खरोखरच मोठे वरदान आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पोलादी सळई ताण सोसते आणि काँक्रीट दाब. दगडाला जे कधीच जमले नाही ते या जोडीने साधले. परंतु या जोडीचाही एक सांधा आहे. सळईवरचे आच्छादन पातळ पडले, मिश्रणात पाणी अधिक झाले, किंवा टाकल्यानंतर पुरेसे दिवस पाणी मारले गेले नाही, की सळई गंजते, फुगते आणि छताचे पोपडे सुटू लागतात. जेथे पाण्याचे टँकर मोजून येतात, त्या प्रदेशात काँक्रीटला पाणी मारण्यात कसूर होणे किती सोपे आहे, हे वाचकांना सांगावयास नको. तेव्हा नुसते साहित्य बदलल्याने सुरक्षितता येत नाही. माती जाऊन सिमेंट आले आणि निष्काळजीपणा तसाच राहिला, तर संकटाचे फक्त रूप पालटते.

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे सार्वजनिक इमारतीच्या अंदाजपत्रकात बांधकाम खर्चाशेजारी पुढील तीस वर्षांच्या देखभालीचा खर्चही मांडावा. शाळाखोली बांधण्यास पैसा मिळतो, तिचे छत गळू लागल्यावर मात्र मुख्याध्यापकाला दारोदार फिरावे लागते, ही विसंगती या एका रकान्याने निदान उघडी पडेल. दुसरी गोष्ट, गवंड्याच्या कौशल्याला भांडवल मानावे. यंत्र पडून राहिले तर गंजते, एवढेच. कौशल्य मात्र पडून राहिले तर माणसाबरोबर नाहीसे होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आरपार दगड, पट्टा, चुन्याचे मिश्रण आणि सळईचे आच्छादन यांचे हातांनी करावयाचे शिक्षण तालुक्याच्या पातळीवर मिळावे. तिसरी गोष्ट, जुन्या वास्तूंची दुरुस्ती ही एका ठेक्याची बाब न राहता तरुण गवंड्यांची शाळा व्हावी. मकबऱ्यावर चुन्याचे काम चालू असताना जिल्ह्यातील दहा उमेदवार तेथे घाणीपाशी उभे राहिले, तर तिकिटाच्या उत्पन्नापेक्षा मोठी मिळकत या जिल्ह्याच्या पदरी पडेल.

कैलास कोरणाऱ्यांना चूक परवडत नव्हती, म्हणून त्यांनी ती टाळली. मकबरा बांधणाऱ्यांना पैसा पुरत नव्हता, म्हणून त्यांनी कसब पणाला लावले. किल्लारीच्या शेतकऱ्यापाशी पैसाही नव्हता आणि आरपार दगडाचे महत्त्व सांगणारेही कोणी नव्हते. पैशाचा प्रश्न एका रात्रीत सुटणारा नाही. दुसरी उणीव भरून काढण्यास मात्र फार मोठा निधी लागत नाही. गावात यंदा जे घर बांधले जाईल, त्याच्या पहिल्या थरापासून तिचा आरंभ करता येईल.